खाली, डाव्या कोपऱ्यात

आईचा फोन आला तेव्हा मी कुडाळला कॉलेजच्या वाचनालयात होतो. तासांच्या वेळेत ती कधी फोन करत नाही, म्हणून घाईने बाहेर आलो. ती एवढंच म्हणाली, "अरे, इनासकाका गेलो रे..." आणि मला, का कोण जाणे, आधी आठवला तो त्यांच्या कॅमेऱ्यातला धुळीचा एक कण. त्याला आता सहा आठवडे होतील. हे लिहावं की नाही, यात बरेच दिवस गेले. पण त्या कणाबद्दल मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

इनासकाका आमचे शेजारी. मालवणजवळच्या आमच्या वाडीत दोन्ही घरांच्या मध्ये फक्त दगड रचून केलेला एक गडगा. तीस वर्षं त्यांनी लग्नं, बारशी, जत्रा यांचे फोटो काढले. आणि ख्रिस्ती घरांतल्या मयतांचेही. पेटी बंद करण्याआधी घरची सगळी माणसं तिच्याभोवती उभी राहतात, तो शेवटचा फोटो. "हयसर कोणाक हसा म्हणूचा लागणा नाय, म्हणान सोपा," असं ते म्हणायचे. मला कॅमेरा धरायला त्यांनीच शिकवलं. माझे बाबा मासे ओढायला रापणीवर जातात; आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. काका मला 'प्रोफेसर' म्हणून चिडवायचे, पण कुठलाही कागद, कुठलंही नवं यंत्र आधी माझ्यापुढे ठेवायचे. मी सांगेन ते खरं, असं ते मानत. त्याची भीती वाटायला हवी होती... तेव्हा अभिमान वाटायचा.

गणपतीनंतर एका दुपारी त्यांनी मला गडग्यावरून हाक मारली. "रे प्रोफेसरा, ह्याच्यातसून बघ मगे. खाली, डाव्या कोपऱ्यात काळा काय दिसता?"

मी व्ह्यूफाइंडरला डोळा लावला. एक बारीक कण होता. पण वर, उजवीकडे. मी अडखळलो. मग वाटलं, डीएसएलआर कॅमेऱ्याच्या आत आरसा असतो, आरशात बाजू उलटते, तसंच काहीतरी असेल. दोघंही एकाच भोकातून बघत होतो, हे साधं लक्षात आलं नाही. म्हटलं, "होय काका, कण आसा."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "बरा झाला. माका वाटला, माझोच डोळो गेलो."

फोटोंत तो डाग येत नव्हता, त्यामुळे माझी खात्रीच पटली. अशी धूळ डोळ्याला दिसते, फोटोत उतरत नाही. मग प्रश्न उरला तो एकच: जुना कॅमेरा साफ करून घ्यावा की सरळ मिररलेस घ्यावा? काका त्याला 'बिनआरशाचो' म्हणत. आरसाच नाही, तर डाग कुठे बसणार? मी वहीत दोन रकाने आखले. वजन, बॅटरी, जुन्या लेन्स चालतील की नाही. काका विचारायचे, "घेव काय नको, एकदा सांग मगे!" आणि मी म्हणायचो, थांबा, नवीन मॉडेल येतंय. असे चार महिने गेले.

त्या चार महिन्यांत काका स्कूटरवरून येताना गडग्याला घासले. डाव्या बाजूने. एका लग्नाच्या फोटोत डावीकडची नवरीची आत्या अर्धीच आली. ती रागावली, तेव्हा म्हणाले, "अर्धी भायर रवलंस, तरी फोटो भरलो!" सगळे हसले. मीही. त्यांची बायको, फिलूकाकी, एकदा म्हणाली, ताटात डावीकडचा मासा तसाच राहतो यांचा. मी ते ऐकलं आणि वहीत बॅटरीचा रकाना भरत बसलो.

शेवटी कुडाळच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने मिररलेस हातात दिला. काकांनी तो डोळ्याला लावला, रस्त्याकडे वळवला. मग हळूच विचारलं, "ह्याच्यातय आरसो आसा काय रे?"

दुकानदार हसला. मी नाही हसलो. काकांनी कॅमेरा खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं... खरं तर माझ्या जरा उजवीकडे बघितलं. "चल घराक," म्हणाले. एसटीत त्यांनी माझा हात धरला होता. रागावले असते तर बरं झालं असतं.

गोव्याच्या हॉस्पिटलात डोक्याचा स्कॅन झाला. गाठ होती; तो काळा कोपरा तिच्यामुळेच होता, आणि ती खूप वाढली होती. आधी आला असता तर, असं डॉक्टर काहीतरी म्हणाले. काकीने मला पुढचं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

चर्चच्या आवारात पेटीभोवती सगळे उभे राहिले, आणि फोटो काढणारं कोणीच नव्हतं. काकीने त्यांचाच कॅमेरा माझ्या हातात दिला. मी डोळा लावला. कण तिथेच होता, वर, उजवीकडे. खाली डाव्या कोपऱ्यात मात्र सगळं स्वच्छ होतं. तिथे काकांचा चेहरा होता. मी बटण दाबलं, आतला आरसा खाडकन उचलला गेला, आणि नेहमीसारखं क्षणभर सगळं काळं झालं.

"ह्यो तूच व्हर," काकी नंतर म्हणाली. "घरात रवलो तर माका त्येचो आवाज येत रवतलो."

आता तो कॅमेरा माझ्या खोलीत असतो. तो कण एका फुंकरीने जाईल, पण मी मारलेली नाही. सकाळी कॉलेजला निघताना कॅमेरा खिडकीकडे धरतो आणि आधी खाली, डाव्या कोपऱ्यात बघतो. काही नसतं. मग दुसऱ्या डोळ्याने पुन्हा बघतो.