चपला हातात घेऊन

टेकडीच्या पायवाटेवर नाल्यावर दगडी पूल आहे. पलीकडे मोहाच्या झाडाखाली बसायचा ओटा. तिथं मी चढून आलेल्यांना ताक विकते. ही वाट राखणारा जंगलखात्याच्या रोजावरचा एक माणूस रोज सकाळी चपला हातात घेऊन पूल ओलांडतो. हलणारा दगड डोळ्याला दिसत नाही, तळपायाला कळतो, असं त्याचं म्हणणं. बोलतो कमी, खेकसतो जास्त. मला तो फारसा आवडत नसे.

यंदा पावसाळ्यानंतर पुलाचा मधला दगड हलायला लागला. मी पडता पडता वाचले. त्याला म्हटलं, "माह्यं ताक आता बंद."

"दोन दिवस थांबा," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी दगड पक्का बसवलेला होता. "चाला मावशी, पहिले तुम्ही."

"काऊन? मी पडली तं चालते?"

"तुम्ही पाय घासत चालता. तुमच्याखाली नाई हालला, तं कोणाच्याच खाली नाई हालत."

दगड हलला नाही. पुलाच्या टोकाची उतरण उंच आहे, तिथं माझे गुडघे रोज रडतात. आज तिथं अर्ध्या उंचीची एक नवी पायरी होती. तिच्यावर पाय ठेवून मी सहज उतरले. संध्याकाळी घरी जाऊन उद्यासाठी ताकाचं मोठं मडकं धुऊन ठेवलं.