शेजारणीची तुळस

दिवाळी सरली की पाथर्डीकडच्या आमच्या वाडीतल्या घरांना एकामागून एक कुलपं लागतात. माणसं ऊसतोडीला जातात. मागे उरतो मी, निवृत्त मास्तर, बायको गेल्यापासून एकटा. शेजारीण निघताना तिची तुळस कुंडीसकट माझ्या ओट्यावर आणून ठेवते. "गुर्जी, पानी घालत जा, शेळ्यांना तोंड लावू देऊ नका." बस्स. तुमचं कसं चाललंय, हे कधी विचारत नाही. मला दरवर्षी राग येतो.

यंदा एका मोकाट शेळीनं दोन फांद्या ओरबाडल्या. मी वैतागून कुंडी आतल्या खोलीत नेली आणि कडी घातली. आता ओट्यावर बसायचंही कारण उरलं नाही. मीही आतच पडून राहू लागलो. सकाळचा भात रात्री, तोही निम्मा. तुळशीला पाणी मात्र रोज घालत होतो.

हळूहळू ती पिवळी पडली. पानं गळली, शेंडा दाराच्या फटीकडे वाकला. जन्मभर मी फळ्यावर पान काढून शिकवलं होतं की मुळं पाणी पुरवतात, हवेतून कर्बवायू मिळतो, पण ऊन पडल्याशिवाय हिरवं पान स्वतःचं अन्न करू शकत नाही. शेजारीण तोडते त्या उसातली साखरही अशीच उन्हातून होते. आणि मी मास्तर, तुळशीला पाणी पाजून पाजून उपाशी मारत होतो!

कुंडी बाहेर आणली. एकदम कडक ऊन सोसणार नाही, म्हणून सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवली. शेळ्यांसाठी काठी घेऊन शेजारी खुर्ची टाकली. भाकरीही तिथंच खाऊ लागलो. बऱ्याच दिवसांनी शेंड्याला दोन हिरवी पानं फुटली.

त्याच सकाळी शेजारणीचा फोन आला. "तुळस कशी हाय?" मी सगळं खरं सांगितलं.

"मंग आता कुठं बसलाय तुमी?"

"उन्हात. तिच्याजवळ."

"मंग झालं. तुळस काय, माहेरी बी ठिवली असती. काकू गेल्यापासून तुमी दारच उघडत न्हाई, म्हनून तुमच्याकडं ठिवते."

फोनवर पलीकडे उसाच्या फडात कोयते चालल्याचा आवाज येत होता. फोन बंद झाल्यावर मी रडलो. मग ओट्यावर सावली आली, तशी कुंडी उन्हात सरकवली आणि माझी खुर्चीही.