पुना पाटकऱ्याची वाळुंज

पांझरेकाठच्या फडाचं, म्हणजे एकाच पाटावर भिजणाऱ्या साऱ्या शेतांचं, पाणी वीस वर्षं पुना सोनवणे सांभाळी. तो पाटकरी, कुणाच्या वावरात पाणी केव्हा सोडायचं ते त्यानं सांगावं आणि साऱ्यांनी ऐकावं. त्याचं मोठं काम मात्र कुणाच्या डोळ्यांत भरत नसे. पाटाच्या तोंडाशी दर पुरात काठ ढासळायचा. तिथं त्यानं वाळुंजीच्या ओल्या काठ्या ठोकून झुडपांची दाट रांग उभी केली. पूर आला की ती आडवी पडत, ओसरला की गाळ घेऊन उभी राहत. दहा वर्षांत काठ वीतभर हलला नाही.

१९३४च्या ज्येष्ठात नदीवरचा बंधारा पाहायला सरकारी साहेब येणार असं कळलं आणि फडाच्या पंचांच्या अंगात आलं.

"पुनाभाऊ, साहेबले काय हाई जंगल दखाडू?" मुख्य पंच चुडामण पाटील म्हणाला. "बठ्ठं साफ करा."

"वरथून कापा, पाटील. मुळं राहू द्या. नदीले बांधी ठेवणारं दावं शे ते."

"मंग दूधबी देस का तुमनी नदी?" फडातलाच मगन म्हणाला. माणसं खिदळली.

घरटी एक माणूस कुदळ घेऊन आला. पहिला घाव पाटलाचा. वाळुंज मुळासकट निघाली. आणि साहेब? त्यानं घोड्यावरूनच बंधारा पाहिला. पाटाच्या तोंडाकडे फिरकलासुद्धा नाही!

आषाढात पूर आला. उघडा काठ कोसळला, पाटाचं तोंड बुजलं. मग देवळात पंच बसले आणि पाट राखता आला नाही म्हणून त्यांनी पुनालाच काढलं. ज्यांनी मुळं उपटली, त्यांनीच माना डोलावल्या. लाज कशी ती कुणाला वाटली नाही.

पुनाच्या जागी मगन आला. त्यानं दोनदा गाळ उपसला, दोनदा काठ पुन्हा खाली आला. कार्तिकात ऊस पिवळा पडू लागला तेव्हा पाटलाला पुनाचं घर आठवलं.

"मी येसू," पुना म्हणाला. "पन घरटी एक मानूस पाहिजे."

सकाळी सारे वाळुंजीच्या ओल्या काठ्या घेऊन पाटाच्या तोंडाशी आले. पाटलानं मात्र स्वतःऐवजी सालदार गडी धाडला होता. पुनानं त्याला आल्या पावली परत पाठवलं.

"पाटीलले सांग, पहिली कुदळ त्यासनीच मारी व्हती."

तासाभरानं पाटील आला आणि धोतर खोचून गुडघाभर चिखलात उतरला. तो काठी रोवू लागला तशी पुनानं ती त्याच्या हातातून काढून घेतली, उलटी केली आणि जाड टोक खाली धरून परत त्याच्या हातात दिली.

पाटकरीपण मात्र पुनाला कुणी परत देऊ केलं नाही.