पोटच्या लेकीला ओळखायला कोणती शाळा लागते?

"तू कोनाची गं?" असं कडूबाईनं पोटच्या लेकीला विचारलं, तेव्हा मनकर्णाला वाटलं, माय मस्करी करायलीय. पुढं चारठाण्याच्या बाजारातून घरी यायचं सोडून कडूबाई भलत्याच शिवारात सापडली. मनकर्णानं तिला एसटीत घालून तालुक्याच्या एका डॉक्टराकडं नेलं.

डॉक्टरानं तारीख विचारली, शंभरातून सात गेले तर किती, ते विचारलं. कडूबाई नुसती बघत राहिली. तिची शाळा झालीच नाही, असं मनकर्णानं सांगितल्यावर त्यानं कागद बाजूला सारला. अडाणी बाई, तिला हे आधीही येत नसणार, म्हणाला आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या.

"साहेब, माय मला वळखंना," मनकर्णा म्हणाली. "पोटच्या लेकीला वळखायला कोनती शाळा लागती?"

त्यानं पुढच्या पेशंटला हाक मारली.

कडूबाईचा थोरला भाऊ किशनराव. निजामाच्या राज्यात बापानं त्याला जिंतूरला शिकायला ठेवलं अन् हिच्या हाती गुरांचे कासरे दिले. तो गुरुजी झाला, परभणीत घर बांधलं. म्हातारपणी तोही विसरायला लागला. पण एवढा शिकलेला माणूस असं काय बोलायलाय म्हणून घरचे लगेच हादरले. मुलगा सूर्यभाननं त्याला औरंगाबादला मेंदूच्या डॉक्टराला दाखवलं, सांभाळायला बाई ठेवली.

दिवाळीनंतर मनकर्णा नवऱ्यासोबत ऊसतोडीला निघाली. मायला ठेवून घ्या म्हणून सूर्यभानला विनवलं, तर त्याला घरातलं एकच म्हातारं माणूस पुरे झालं होतं. मग तिला उसाच्या फडावरच नेलं. कडूबाई पाचटाच्या कोपीतून उठून उसात शिरायची. शेवटी मनकर्णानं जुन्या लुगड्यानं तिची कंबर कोपीच्या मेढीला बांधली. जनावरासारखं मायला बांधून कोयता उचलताना तिचा जीव तुटायचा. एक दिवस घास घशात अडकून कडूबाईला ठसका लागला, मग ताप भरला, आणि संक्रांतीच्या आधी तिनं कोपीतच जीव सोडला.

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्या वर्षी मनकर्णा परभणीला गेली. मामा अजून होता. न्हाऊमाखू घातलेला, खुर्चीत ताठ बसवलेला. ओळखत कुणालाच नव्हता. बाई त्याला पेज भरवत होती.

"आत्याचं वय झालं होतं. सुटली बिचारी," सूर्यभान म्हणाला.

"मामा तिच्याहून थोरले हायत, दादा."

सूर्यभाननं आत चहा टाकायला सांगितलं.

बाई मामाची हनुवटी जराशी खाली करायची, अर्धा चमचा द्यायची आणि गिळेपर्यंत थांबायची. असं का, मनकर्णानं विचारलं. डॉक्टरानं दाखवलंय, बाई म्हणाली, घाई केली तर ठसका लागून ताप भरतो.

 घाईघाईनं मायला मोठाले घास भरवून मनकर्णा रोज फडावर पळाली होती. एवढीशी गोष्ट. गोळ्या देताना तालुक्याच्या त्या डॉक्टरानं एवढी सांगितली असती तर त्याच्या बापाचं काय जात होतं?

चहा आला होता. ती तशीच उठून स्टँडकडं निघाली.