पूजेतला सिलिंडर

आमच्याकडे माणसाला पेन्शन मिळते, लोखंडाला नाही. खंडेनवमीला ज्या वस्तूला एकदा हळदकुंकू लागलं ती मोडीत घालायची नाही, हा सासऱ्यांचा नियम. सासरे फौजेत ड्रायव्हर होते. त्यामुळे चाक असलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल शेवटचा शब्द त्यांचा. चाक नसलेल्या वस्तूंबद्दलही त्यांचाच.

गेल्या हंगामाआधी उसासाठी शिरवळहून नवी ट्रॉली आली. जुनीला ड्रम ब्रेक होते, हिला डिस्क. ट्रॉली बनवणाऱ्यानं मला फोनवर बजावलं होतं, की दांडीवरचा सिलिंडरही डिस्कचाच घ्या. ट्रॅक्टर हळू झाला की मागची ट्रॉली पुढं रेटते, त्या रेट्यानं हा सिलिंडर दाबला जातो आणि त्यातलं तेल चाकांकडं जाऊन ब्रेक लागतात. डिस्कला दाब बराच जास्त लागतो, ड्रमचा सिलिंडर तेवढा देत नाही. मी हे सासऱ्यांना शब्दन् शब्द सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जुन्या ट्रॉलीचा सिलिंडर काढून, पुसूनबिसून, नव्या दांडीवर बसवला. तेल तेच, नळी तीच, मग दाब वेगळा कसा, असं त्यांचं म्हणणं. शिवाय त्या सिलिंडरची इतकी वर्षं पूजा झाली होती.

भरलेली ट्रॉली घेऊन कारखान्याच्या वाटेवरचा उतार उतरायचा होता आमच्या ह्यांना. हे वडिलांपुढं तोंड उघडत नाहीत. मी माहेराहूनच तोंडाळ आलेली. पहिली खेप निघाली तेव्हा अंगणात आडवी उभी राहिले.

"मामंजी, एवढा भरवसा हाय तर तुमीबी बसा की मडगार्डवर."

ते बसले. टोपी नीट करून, परेडला निघाल्यासारखे बसले. जिंकल्याचा आनंद ट्रॅक्टर वळणाआड जाईपर्यंत टिकला. मग ध्यानात आलं, की आता उतारावर एकाऐवजी दोघं होते.

दिवस मावळायच्या आत दोघं चालत परत आले. उतारावर ब्रेक लागलेच नाहीत, ट्रॉलीनं ट्रॅक्टरला ढकलत नेलं. ह्यांनी तो कडेच्या नांगरलेल्या रानात घातला, चाकं रुतली आणि सगळा ऊस सांडला. रान भावकीचं होतं. आमच्याकडे याहून मोठी शिक्षा नाही.

हातपाय धुताना ह्यांनी मला हळूच सांगितलं, की उडी टाकायला सासऱ्यांना भरपूर वेळ होता. पण ते ह्यांची कॉलर घट्ट धरून बसले आणि रानात घाल, रानात घाल, एवढंच म्हणत राहिले.

मी चहा घेऊन गेले. सासऱ्यांच्या हातात कप बशीवर वाजत होता.

"त्यो रस्ताच चुकीचा काढलाय," ते म्हणाले.

एरवी मी सोडलं नसतं.

"व्हय मामंजी," मी म्हणाले, आणि त्यांचा चहा पिऊन होईस्तोवर बशी मीच धरून ठेवली.