विलायती बर्फाची बरणी

आईनं स्वतःच्या पायांतून उतरवून माझ्या पायांत घातलेले चांदीचे तोडे मी बोटभर उंचीच्या एका काचेच्या बरणीसाठी देऊन टाकले. बरणीत तोंडाला लावायचं विलायती मलम होतं. मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत असे. गावात तसं समजणारं दुसरं कुणी नव्हतं.

परवा नातसुनेनं माझ्यासमोर तसलीच एक बरणी उघडली. काच ही जाड, आणि आत मलम चमचाभर. म्हणाली, "आजी, एवढे पैसे घालावेत असं काही असतं का हो यात?" मी म्हटलं, "असतं की. मी तर तोडे घातले होते." ती हसली. तिला वाटलं, म्हातारी गंमत करतेय.

निजामाचं राज्य होतं. माझं सासर तेलगावचं, घरची शेती. आमचे हे मात्र उर्दू शिकलेले, म्हणून हैदराबादेत एका सरकारी कचेरीत कारकून लागले होते. लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि मी तेलगावातच शेणपाणी करत होते. त्या दिवाळीला हे आले तेव्हा कंदिलाजवळ माझी हनुवटी धरून त्यांनी तोंड वर केलं. मी लाजले. हे म्हणाले, "केवढ्या भेगा या! आपलं काळं रान बरं, त्याच्या निदान पावसाळ्यात तरी बुजतात."

जाताना म्हणाले, "संक्रांतीला येतो. तेव्हा बघू, न्यायचं का ते."

रानाचं मी विसरले. 'बघू' एवढंच लक्षात ठेवलं. सकाळी चुलीच्या धुरात, दुपारी तुरीच्या रानात मी मनातल्या मनात हैदराबादेला जाऊन येत होते. अडचण फक्त तोंडाची होती. मार्गशीर्षातला कोरडा वारा असा, की हसलं तरी गाल चिरायचे.

उपाय ठाऊक नव्हता असंही नाही. माझी आई धुतलेलं तूप करायची. तांब्याच्या परातीत घरचं तूप घ्यायचं, पाणी घालून तळहातानं रगडायचं, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा नवं पाणी. अशी शंभर पाणी झाली की तूप पिंजलेल्या कापसासारखं पांढरं होतं. लहानपणापासून माझ्या टाचांना तेच लागत आलेलं. पण तेच तर! टाचेचं औषध तोंडाला कसं लावायचं? आता मी हैदराबादची होणार होते.

अशा वेळी कासारीण आली. कासारीण आपल्यातलीच, पण बड्या घरांतून बांगड्या भरून भरून तिच्या बोलण्यात दख्खनी उर्दू घुसलेली. माझा हात दाबत दाबत तिनं चार बांगड्या चढवल्या, माझ्या गालाकडे पाहिलं आणि गाठोड्यातून ती बरणी काढली.

"सुनो," ती म्हणाली.

"सांगा की. ऐकतेच हाय."

"अगं, सुनो!"

"अवं, सांगा तरी! कान हायत मला."

तिनं कपाळावर हात मारला. "येडे, ह्या मलमाचं नावच सुनो हाय. सुनो म्हंजी बर्फ. सायबाच्या मुलखात आभाळातनं पडतंय, त्याचं करत्यात. हैदराबादेत नवाबांच्या बेगमा दुसरं काही तोंडाला लावीत न्हाईत."

बर्फ मी पाहिला नव्हता. गारा पाहिल्या होत्या. आदल्याच साली त्यांनी आमची ज्वारी झोपवली होती. त्याच गारा बेगमा गालांना लावतात, हे ऐकून मला बेगमांबद्दल फार आदर वाटला.

मी बोट बुडवून गालाला लावलं. गार! खरोखरच गार लागलं. वास गुलाबाचा. गुलाबाच्या खाली आणखी एक वास होता, कापरासारखा, ओळखीचा. मी म्हटलं, हाच बर्फाचा वास असणार.

"काय घ्याल ह्याचं?"

कासारीण नुसती माझ्या पायांकडे पाहत राहिली.

हे तोडे आईचे. वडील गेले त्या दिवशी बायकांनी तिच्या पायांतून ते उतरवले, आणि दहाव्याच्या आत तिनं ते माझ्या पायांत घातले. म्हणाली होती, "ह्ये वाजत राहू दे. माझे वाजायचे बंद झाले." मी ते काढले तेव्हा हे वाक्य आठवलं नाही असं म्हणाले तर खोटं होईल. आठवलं. पण बरणी हातात होती.

आता खरं सांगते: गुण आला. पंधरा दिवसांत भेगा बुजल्या, गाल मऊ झाले. गुण आला नसता तर मी निदान फसले म्हणून रडले तरी असते. फणीच्या डब्यातल्या आरशात तोंडाचा एका वेळी एकच तुकडा दिसायचा. मी रोज तुकड्यातुकड्यानं स्वतःवर खूश होत होते. लुगडं घोट्याखाली ओढून चालायचं तेवढं लक्षात ठेवलं.

संक्रांतीला हे आले. मी तिळगूळ घेऊन समोर गेले, तोंड कंदिलाकडे धरून, मुद्दाम. ह्यांनी हातावर तिळगूळ घेतला. मग वाकून मी पाया पडले, आणि उठताना लुगडं वर सरकलं.

"तोडे कुठं आहेत?"

तीन महिन्यांनी नवऱ्यानं विचारलेली पहिली गोष्ट ही. तोंडाकडे पाहिलंच नाही.

"ओढ्यावर... धुणं धुताना..." मी म्हणाले.

ही दुसरी हुशारी. दुसऱ्या दिवशी अख्खं घर ओढ्यावर. मामंजी धोतर खोचून पाण्यात उभे, आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पिठाच्या चाळणीनं वाळू चाळतायत, दीर दगड उलथतायत. मी पण चाळत होते. सगळ्यांपेक्षा जास्त मीच चाळत होते. आत्याबाई प्रत्येक चाळणीला म्हणत, "चांदी जाती कुठं? चांदीला काय पाय हायत?"

तिसऱ्या दिवशी हे निघाले. मी कपड्यांचं बोचकं आधीच बांधून ठेवलं होतं, ते उतरंडीमागे होतं. हे आत्याबाईंना म्हणाले, मला ऐकू जाईल असं, "जिला पायातलं सांभाळता येत नाही, तिला शहरात नेऊन काय करू?" बैलगाडी हैदराबादेच्या वाटेला लागली. पुढे चार वर्षांनी मला नेलं. खानावळीचं जेवण सोसेना तेव्हा. तिथं गेल्यावर सहा महिने ह्यांनी माझ्या भाकरीकडे पाहिलं. तोंडाकडे पाहिल्याचं मला आठवत नाही.

पण ते पुढचं. तोडे हरवल्याची बातमी सिरसाळ्याला, माझ्या माहेरी पोचली, आणि आई चालत आली. विधवा बाई, दिराच्या घरात राहणारी, तिला गाडी कोण देणार? आली ती घरात न येता सरळ ओढ्यावरच. मी जाऊन पाहते तर आई वाळूत फतकल मारून बसलेली, ओंजळीनं वाळू उपसतेय. बोटं पाण्यानं पांढरी पडलेली.

एवढं मात्र मला बघवलं नाही. तिला उठवलं, घरी आणलं, दार लोटून बरणी तिच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. सुनो, बेगमा, बर्फ.

आईनं झाकण काढलं. तळाशी थोडं उरलं होतं. तिनं बोटावर घेतलं, मनगटाच्या मागे रगडलं, वास घेतला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "कापूर मीच घालती. त्यानं तूप लवकर वास मारीत न्हाई." बोट पदराला पुसून पुढे म्हणाली: "कासारीण दर पंधरा दिसाला गाडगंभर नेती. बाळंतिणींला लागतंय म्हणती. मला बांगड्या काय कामाच्या, म्हणून वंजळभर ज्वारी टाकून जाती."

मी तिचे हात धरले. तळहात सोललेले होते, तांब्याच्या परातीवर घासून घासून. तोंडाला मी काय लावत होते ते तेव्हा कळलं.

"माय, मार मला."

तिनं मारलं नाही. माझ्या गालावरून बोट फिरवलं, मऊ झालेत का पाहावं तसं, आणि झाकण लावता लावता म्हणाली:

"हे साठच पाण्याचं हाय बाई, त्या दिशी हात लई दुखत हुता. तुझ्याकडं येतंय म्हणून ठावं असतं, तर शंभर पुरी केली असती."