बेटावर सुबाभूळ उपटताना

जूनअखेर मी शाळेतून निवृत्त झाले. बत्तीस वर्षं सोलापुरातल्या मुलींच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवलं. निरोपाच्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारलं, "आता काय बाई, काशी की दुबई?" मी म्हटलं, "मॉरिशस." सगळ्यांना फार कौतुक वाटलं. तिथे जाऊन करणार काय, असं विचारल्यावर मी खरं ते सांगितलं. तण काढणार. मग मात्र थोडा वेळ सगळ्यांनी समोशाकडे लक्ष दिलं.

घरी सुभाषची, म्हणजे माझ्या नवऱ्याची प्रतिक्रिया जास्त मोकळी होती. "खुरपायलाच जायचंय तर मोहोळला शेतात चल की. विमान कशाला पायजे?"

विमान का हवं होतं ते सांगते. मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यासमोर एक छोटं बेट आहे. चारी बाजूंनी फिरायला दीड-दोन तास पुरतील, एवढंच. तिथलं मूळचं जंगल शेकडो वर्षांच्या तोडीत आणि बाहेरून आलेल्या झाडाझुडपांत जवळपास संपलं होतं. एक संस्था ते पुन्हा उभं करते आहे आणि दोन आठवड्यांपासून पुढे कितीही काळासाठी स्वयंसेवक घेते. वयाची अट नाही. खडबडीत जमिनीवर चालता यावं आणि उकिडवं बसता यावं, एवढंच अर्जात विचारलं होतं. उकिडवं बसायची मला लहानपणापासून सवय. मी अर्ज भरला.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडी माहिती. राहण्या-जेवणाचे पैसे आधी भरावे लागतात, विमानाचं तिकीट आपलं आपण काढायचं. भारतीयांना व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो, पण परतीचं तिकीट आणि राहण्याच्या जागेचं पत्र हाताशी ठेवा. माझ्याकडे दोन्ही मागितली. ऑगस्टमध्ये तिकडे हिवाळा असतो. आपल्यासारखी थंडी नाही, पण समुद्रावरचा वारा कानात शिरतो, म्हणून पातळ जाकीट आणि कानटोपी न्या. बूट जाड तळव्याचेच घ्या, कारण अख्खं बेट प्रवाळाच्या धारदार खडकाचं आहे. माझे बूट सुभाषने नवी पेठेत घासाघीस करून घेतले आणि मला ते घालून आठवडाभर घराच्या गच्चीवर चालायला लावलं.

सोलापूरहून रेल्वेने मुंबई, तिथून सहा-साडेसहा तासांचं विमान. उतरल्यावर घड्याळ दीड तास मागे. विमानतळापासून माहेबूर हे समुद्रकाठचं गाव जवळच आहे, आमचा मुक्काम तिथेच होता. पहिल्याच संध्याकाळी बसस्टँडजवळच्या गाडीवर डाळपुरी खाल्ली. पुरणपोळीसारखीच पातळ, आत हरभऱ्याची डाळ, पण गोड नाही. वर घेवड्याची रस्सेदार भाजी आणि मिरचीची चटणी. दोन खाल्ल्या की जेवण झालं. गाडीवालीने माझ्या साडीकडे पाहून फ्रेंचसारखं काहीतरी विचारलं, मी मान हलवली, तिने तिसरी पुरी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर मिशेल भेटली. बेटावरच्या कामाची ती प्रमुख. चाळिशीची, उंच, उन्हाने रापलेली, कमी बोलणारी, तेही साध्या इंग्रजीत. होडीत बसण्याआधी तिने आमचे खिसे, पिशव्या, सगळं तपासलं. उंदीर, मुंगी, एखादं बी, काहीही बेटावर जाता कामा नये. माझ्या बुटाच्या तळव्यातून तिने चिमट्याने सराट्याचा काटा काढला आणि उजेडात धरला.

"हे कुठलं?"

"सोलापूरचं," मी म्हटलं. "आमच्या गच्चीवरसुद्धा असतं."

तिने तो बाटलीत घालून झाकण लावलं. हसली नाही.

बेटावर उतरल्यावर पहिल्यांदा दिसलं ते कासव. आपल्या टीपॉयएवढं. पायवाटेच्या मधोमध बसून पान चावत होतं आणि आम्हीच वळसा घालून गेलो. पुढे काळपट सालीची आबनुसाची झाडं लागली. हाताच्या मनगटाएवढं खोड, पण मिशेल म्हणाली, वय तुमच्या आजोबांएवढं असेल. मग तिने आम्हाला एका मोकळ्या तुकड्यावर नेलं आणि म्हणाली, "हा आपला शत्रू. अकासिया. लहान असेल तर मुळासकट उपटा, मोठा असेल तर मला सांगा."

मी पाहिलं आणि माझा चेहरा उतरला असणार. ती सुबाभूळ होती. तीच बारीक पिसासारखी पानं, तेच पांढरे गोंडे, त्याच तपकिरी चपट्या शेंगा. मी नोकरीला लागले त्या वर्षी वर्गातल्या मुलींना घेऊन शाळेच्या भिंतीलगत मी सुबाभळीची रांग लावली होती. तेव्हा सगळीकडे तिचंच कौतुक होतं. पाणी कमी लागतं, चारा होतो, सरपण होतं. पुढे कितीतरी वर्षं शाळेत येणाऱ्या पाहुण्यांना मी ती रांग दाखवली.

मिशेलला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "इथेसुद्धा चांगल्या हेतूनेच आणलं होतं." मग हातमोजे घातले आणि कामाला लागली.

कामाला मात्र मी चांगली निघाले. फ्रान्सहून आलेली क्लेअर नावाची परिचारिका माझी जोडीदार होती. तिची एक ओळ होईपर्यंत माझ्या दोन व्हायच्या. तिसऱ्या दिवशी मिशेल माझ्या ढिगाकडे बघून "छान" म्हणाली. एवढ्याने मला इतका आनंद झाला की सुभाषला फोनवर दोनदा सांगितलं.

चौथ्या दिवशी दुपारी मी भराभर उपटत चालले होते. एक रोप हाताला लागलं आणि अलगद वर आलं. तिथेच मी थांबले. सुबाभूळ इतक्या सहज येत नाही, ती मुळाने खडक धरून ठेवते. पाहिलं तर पानं बारीक, झिरझिरीत, पण देठ वेगळा, शिरा लालसर. पहिल्या दिवशी दाखवलेल्या चित्रांमधलं एक चित्र आठवलं. ब्वा दे बफ. त्याचा अर्थ बैलाचं लाकूड. जंगलात त्याची थोडीच झाडं शिल्लक आहेत. लहानपणी त्याची पानं अशी पिसासारखी असतात आणि झाड वाढलं की रुंद होतात. कासवांनी खाऊ नये म्हणून हे सोंग असावं, असं म्हणतात. कासवं फसतात की नाही माहीत नाही. मी फसले.

क्लेअरची माझ्याकडे पाठ होती. ढीग शेजारीच होता. रोप त्यात टाकलं असतं तर कुणालाही कळलं नसतं, आणि तो विचार माझ्या मनात आला हे इथे लिहिलंच पाहिजे. मी ते ओल्या रुमालात गुंडाळलं आणि मिशेलला शोधत गेले.

तिने रुमाल उघडून पाहिलं. पान उलटं केलं. मग म्हणाली, "जागा दाखवा." मी दाखवली. तिने तिथे काठी रोवून फीत बांधली. "हे कुणी लावलेलं नव्हतं," ती म्हणाली. "आपणहून उगवलं होतं. अशी आम्ही बोटांवर मोजतो."

"माझी चूक झाली. घाई केली मी."

"हो," ती म्हणाली. "उद्यापासून नर्सरीत जा."

त्या संध्याकाळी माहेबूरच्या खोलीत मी सुभाषला फोन लावला आणि रडले. अठ्ठावन्न वर्षांची, जीवशास्त्राची शिक्षिका, आणि मला कामावरून काढलं होतं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. "मेलं का रोप?"

"माहीत नाही. कुंडीत लावलंय."

"तू पोरींना काय सांगायचीस, चुकलं की आधी कबूल करा. केलंस की. आता जेवलीस का?"

"नाही."

"मग जेव. भुकेल्या पोटी रडून काय हुतंय."

नर्सरी बेटावरच होती, हिरव्या जाळीच्या सावलीत. तिथे देवराजदादा. सत्तरीचे, बुटके, डोक्यावर विणलेली टोपी. मिशेलने त्यांना आधी सांगितलं असावं, कारण मी "बोंजूर" म्हणताच ते म्हणाले, "तू मराठी? मी पण मराठी. तू कुठचा?"

त्यांचे पूर्वज पाच पिढ्यांमागे रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर आले होते. त्यांचं मराठी आजीकडून आलेलं आणि देवळातल्या गाण्यांमधून टिकलेलं. बाई-पुरुष सगळ्यांना ते एकाच लिंगात आणि 'तू' म्हणूनच बोलवत. सोलापूर समुद्राजवळ आहे का, असं त्यांनी विचारलं. "नाही दादा, समुद्र लांब. पाऊससुद्धा लांबच," मी म्हटलं. त्यांना त्याचं फार वाईट वाटलं. जेवताना मी त्यांना शेंगाची चटणी दिली. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्या घासाला त्यांनी डबा आपल्याकडे ओढला.

माझं काम होतं कासवांच्या शेणातून बिया वेगळ्या करणं. कासवं आबनुसाची फळं खातात आणि त्यांच्या पोटातून बाहेर पडलेल्या बिया चांगल्या रुजतात. बाकीचे स्वयंसेवक नाक मुरडत दोन बोटांनी हे करत. माझं बालपण शेळ्यांच्या लेंड्या गोळा करण्यात गेलं. मी बादलीत हात घातला, कुस्करलं, चाळलं, धुतलं. देवराजदादा बघत राहिले.

"तू आधी केला हे काम?"

"शाळेत जायच्या आधी, रोज."

बैललाकडाची ती कुंडी आमच्या समोरच्या फळीवर होती. मी सकाळी आल्याबरोबर ती बघायची. दोन दिवस पानं ताठ राहिली. मग एक गळलं. सातव्या दिवशी एकच उरलं. दादांनी नखाने खोडाची साल जराशी खरवडली. आत तपकिरी. त्यांनी मला दाखवलं आणि कुंडी उचलून आत नेली.

"गेला," ते म्हणाले. "माझ्या हातानं पण मेले पुष्कळ. मी मोजत नाय, आठवतो."

दुसऱ्या दिवशी मी धक्क्यावर होडीची वाट बघत उभी असताना मिशेल जवळ आली. "आज नर्सरी नको. परत तुकड्यावर या."

"मी? का?"

"आता तुम्ही बघाल म्हणून."

शेवटचे चार दिवस मी क्लेअरच्याही मागे राहिले. प्रत्येक रोपाशी थांबायचं, पान उलटं करायचं, देठ बघायचा, मगच हात घालायचा. त्यातल्या तिसऱ्या दिवशी मला लालसर शिरांचं एक रोप दिसलं. मी कशालाही हात न लावता मिशेलला हाक मारली. ती दोनशे पावलं धारदार खडकावरून आली, गुडघ्यावर बसली, पान उलटं केलं.

"हे तण आहे," ती म्हणाली. "अगदी साधं तण." आणि पहिल्यांदाच हसली, मोठ्याने, मान मागे टाकून. मग तिने ते माझ्याच हाताने उपटायला लावलं. "पुन्हा शंका आली तर पुन्हा बोलवा. मी येईन."

निघताना देवराजदादांनी चटणीचा डबा धुऊन परत दिला. आत बी नाही ना हे तपासूनच दिला असणार.

सोलापुरात परत येऊन आता महिना झाला. शाळेत मुलींपुढे बोलायला बोलावलं होतं. मी सगळं सांगितलं, उपटलेल्या रोपासकट. एकीने विचारलं, "मग आपली सुबाभळीची रांग तोडायची का, बाई?" मी म्हटलं, आत्ता मला माहीत नाही. बत्तीस वर्षांत त्या वर्गात हे वाक्य मी फार कमी वेळा बोलले असेन.

परवा सुभाषला घेऊन शहराबाहेरच्या माळावर गेले. गवत कमरेएवढं आलं होतं. त्याने विचारलं, "हितं काय उपटायचंय?" मी म्हटलं, काही नाही, बघायचंय. तो बघायला लागला, पण मला पहिल्या दहा गवतांतली दोनच ओळखता आली, तीही पुस्तकातल्या लॅटिन नावांनी.

जरा वेळाने एक म्हातारी मेंढरं घेऊन आली. आम्ही वाकून काय शोधतोय म्हणून उभी राहिली.

"काय हरवलं व्हय?"

"नाही मावशी. गवतं बघतेय. नावं माहीत नाहीत."

"शाळंतल्या बाई दिसता. काय शिकवत हुता?"

"झाडं-झुडपं."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. चेष्टा करावी की नाही याचा विचार केला असावा. मग काठी काखेत धरून ती माझ्या शेजारी उकिडवी बसली. "ही पवन्या. ही मारवेल, मेंढरं हिच्यासाठी जीव टाकत्यात. ह्यो शेडा. तुमी म्हणा बघू."

मी म्हटलं. सुभाषनेही म्हटलं, आणि मारवेलला पवन्या म्हणाला.

"चुकलं," मावशी म्हणाली. "परत म्हणा."